टपावरचा हात

गाडीवेड्या माणसांशी वाद घालायला जाऊ नये. त्यांचं प्रेम खरं असतं हो, पण खऱ्या प्रेमाचाही ताप होतोच की माणसाला. सप्टेंबरातल्या त्या रविवारी सॅन फ्रान्सिस्कोच्या चढावर सकाळपासून त्यांच्या जुन्या दांडग्या गाड्यांची रांग लागली होती. पॉन्टियाक, डॉज, शेव्हेल, प्लिमथ. पुसून पुसून अशा चकचकीत केलेल्या, की त्यात बघून दाढी करावी. गुरगुरत, धूर ओकत एकेक गाडी थिएटरसमोर यायची, थांबायची, आणि आतला माणूस डावा हात खिडकीबाहेर काढून टपावर दोनदा थोपटायचा. थप, थप. फुटपाथवरची गर्दी टाळ्या पिटायची. मग पुढची गाडी. पुन्हा थप, थप.

"हे सगळेच्या सगळे असंच करणार?" नॅडीनने विचारलं.

"सगळे. दरवर्षी," हॉलिस म्हणाला.

"ह्यांना घरी बायका नाहीत का रे?"

"आहेत की. त्याच तर हाकलून देतात इकडे."

नॅडीन हसली. हॉलिसला बरं वाटलं. बेकर्सफील्डहून इथे येईपर्यंत वाटभर ती गप्पच होती, आणि धाकटी बहीण गप्प बसली की सत्तरीच्या हॉलिसला अजूनही चैन पडायचं नाही.

टपावर थोपटायची ही जी रीत ह्या लोकांनी उचलली होती, ती नॅडीनच्या नवऱ्याची. डेल्बर्टची. चाळीस वर्षांपूर्वी ह्याच चढांवर एका सिनेमासाठी दोन गाड्यांचा पाठलाग चित्रित झाला होता. पुढे काळी डॉज, मागे हिरवी पॉन्टियाक. पडद्यावर हिरोचा चेहरा दिसायचा, पण गाड्या पळवणारे होते हे दोघे मेहुणे. डॉजमध्ये हॉलिस, पॉन्टियाकमध्ये डेल्बर्ट. पाठलागाच्या शेवटी पॉन्टियाकने गोदामाच्या दारातली खोकी उडवून थांबायचं होतं. ती घसरली आणि खोक्यांशेजारच्या भिंतीवर गेली. धुरळा उडाला, धूर आला, आणि त्या धुरातून एक हात बाहेर आला. त्याने टप दोनदा थोपटला. पुढच्या क्षणी दृश्य बदलतं, पडद्यावर समुद्र येतो.

डेल्बर्ट दवाखान्यात पोचायच्या आत गेला होता. आणि दृश्यातला तो तुकडा सिनेमात राहिला. लोक म्हणायला लागले, काय माणूस! मरता मरता सांगून गेला, शॉट झाला, काळजी करू नका. त्या हाताचे बनियन निघाले, चावीची कडी निघाली. माणूस मातीत, आणि हात दुकानात.

नॅडीनने तो सिनेमा कधीच पाहिला नव्हता. या वर्षी मात्र तिनेच फोन केला. तिचे डोळे जात चालले होते. मधलं धूसर, फक्त कडेकडेचं दिसायचं, आणि डॉक्टरांनी आशा सोडा म्हणून सांगितलं होतं.

"मला तो हात बघायचाय, हॉलिस," ती म्हणाली होती. "त्याने दोनदा थोपटलं, असं तू सांगतोस. तुझ्यावर विश्वास नाही असं नाही. पण एकदा माझ्या डोळ्यांनी बघू दे. त्याला काही दुखलं नाही, हे एकदा बघितलं की मग गेले डोळे तरी जाऊ देत. त्या एका गोष्टीवर मी इतकी वर्षं झोपतेय."

हॉलिसने लगेच होकार दिला. कारण सांगण्यासारखं दुसरं काही त्याच्याकडे नव्हतंच, आणि आजवर जे सांगितलं ते खरं होतं. निदान त्याला तरी तसंच वाटत होतं.

थोपटण्याची ही भाषा सिनेमावाल्यांची नव्हे. ती बेकर्सफील्डच्या मातीच्या ट्रॅकवरची, ह्या दोघांची आपसातली. तिथे इंजिनांच्या गोंगाटात ओरडून उपयोग नसायचा. गाडी आपटली की दोनदा थोपटायचं, म्हणजे मी ठीक आहे. आणि नुसतंच थोपटत राहिलं, थांबलंच नाही, तर त्याचा अर्थ, अडकलोय, बाहेर काढा. तशी वेळ एकदाच आली होती. हॉलिसची गाडी उलटी होऊन चिखलात रुतली होती, आणि डेल्बर्ट चालू शर्यतीत, अंगावर गाड्या येत असताना ट्रॅक ओलांडून धावत आला होता. हे नॅडीनलाही ठाऊक होतं. घरात सुद्धा जेवण आवडलं की डेल्बर्ट ताटाशेजारी दोनदा थोपटायचा, आणि ती म्हणायची, "तोंड आहे ना रे तुला?"

सिनेमाचा मात्र एक दंडक असतो. दिग्दर्शक 'कट' म्हणेपर्यंत कुणीही कॅमेऱ्याच्या चौकटीत शिरायचं नाही. त्या दिवशी हॉलिस वळणापलीकडे, उताराखाली, डॉज चालू ठेवून बसला होता. तिथून काही दिसत नव्हतं. जे कळलं ते वायरलेसवर. "त्याने दोनदा थोपटलं," हॉलिस बहिणीला सांगत आला होता. "मी धावणारच होतो गं, मला अडवलं. कट झाल्यावर गेलो, तर झोपल्यासारखा गेलेला." हे त्याने इतक्यांदा सांगितलं होतं, की त्यालाही ते तसंच दिसायचं. अडवणाऱ्याचा हात सुद्धा दिसायचा.

थिएटरात पहिली रांग त्यांच्यासाठी राखून ठेवली होती. क्लबचा अध्यक्ष रस्टी केल्सो, पोट सुटलेला, प्रेमळ, बोलायला लागला की न थांबणारा, माइक घेऊन स्टेजवर चढला.

"आज आपल्यात हॉलिस प्रूइटसाहेब आहेत. आणि पहिल्यांदाच, डेल्बर्ट लॅम्बर्ट यांच्या पत्नी!"

सगळं थिएटर उठून उभं राहिलं. नॅडीनने मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने त्यांच्याकडे पाहिलं आणि ओशाळून हात हलवला.

"आणि त्यांच्यासाठी एक भेट," रस्टीने माइक दोन्ही हातांनी धरला. "स्टुडिओच्या गोदामात एक डबा सापडला. त्या शेवटच्या शॉटची अख्खी फिल्म, न कापलेली, आवाजासकट. मी सुद्धा अजून पाहिली नाही. म्हटलं, आपल्या माणसांबरोबर पाहू."

नॅडीनने हॉलिसची बाही धरली. "अख्खी म्हणजे काय रे?"

"म्हणजे जरा जास्त दिसेल."

"निघूया का आपण?"

"अगं, एवढी आलीस ना? बस. सिनेमात तो हात पापणी लवेपर्यंत जातो. इथे नीट बघायला मिळेल तुला."

असं म्हणून त्याने तिला बसवलं. स्वतः बसवलं.

अंधार झाला. संगीत नाही, काही नाही. नुसती गोदामाची भिंत, वारा, आणि लांबून चढत येणारा पॉन्टियाकचा आवाज. मग टायर किंचाळले. आदळली गाडी. त्या आवाजाने नॅडीनचं अंग आक्रसलं, तसा हॉलिसने तिच्या हातावर हात ठेवला. धुरळा, धूर. आणि खिडकीतून तो हात आला.

थप, थप.

थिएटरने टाळ्यांचा कडकडाट केला. "बघितलंस?" हॉलिस तिच्या कानाशी म्हणाला. "सांगत होतो ना मी?"

"बघितलं," नॅडीन म्हणाली, आणि तिचा श्वास मोकळा झाला.

सिनेमात इथे समुद्र येतो. इथे समुद्र आला नाही. हात तिथेच राहिला.

थप. थप. थप. थप.

लोक हसले. कौतुकाने हसले, बरं का. वाईट हेतू एकाचाही नव्हता. मागे कुणीतरी त्या तालावर टाळी धरली, शेजारच्याने धरली, आणि बघता बघता अख्खं थिएटर त्या हाताबरोबर टाळ्या वाजवायला लागलं. वर हात टप थोपटतोय, खाली पाचशे माणसं साथ देताहेत.

"हॉलिस," नॅडीन म्हणाली. "हा थांबत का नाहीये?"

हॉलिसने तिच्या हातावरचा हात काढून घेतला.

पडद्यावर, कॅमेऱ्याजवळ कुणीतरी बोलत होतं. "बघा, अजून थोपटतोय. रंगात आलाय गडी."

"हॉलिस विचारतोय, बरा आहे का म्हणून."

"सांग त्याला, टप थोपटतोय."

वायरलेस खरखरला, आणि एक तरुण, खुशीतला आवाज थिएटरभर घुमला. "थोपटतोय ना? मग काही झालं नाही त्याला. धूर चांगला येत असेल, शॉट घ्या घेऊन. मी आहे इथे."

"हॉलिस! हॉलिस!" मागून आरोळ्या उठल्या. आवाज ओळखला होता लोकांनी. हॉलिसला वायरलेस घेऊन बोललेलं आठवत होतं. हे शब्द आठवत नव्हते. किती उकरलं तरी आठवेनात. अडवणारं कुणी नव्हतं तिथे. कुणीच नव्हतं. तो गाडीतून उतरलाही नव्हता.

थप. थप. आता हळूहळू. टाळ्याही त्याच्याबरोबर हळू झाल्या.

नॅडीन उभी राहिली. मान तिरकी, एक हात पडद्याकडे. "जा ना रे कुणीतरी!" ती ओरडली. "बाहेर काढा त्याला! अडकलाय तो! अरे, जा ना!"

लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. काय बाई आहे, ह्या वयात! "जा ना रे कुणीतरी!" मागच्या रांगेतून कुणी साथ दिली. मग दुसऱ्याने. "बाहेर काढा! बाहेर काढा!" टाळ्यांच्या तालावर घोषणा सुरू झाली. स्टेजवर रस्टी मूठ वर करून ओरडत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. त्या कल्लोळात नॅडीनचा आवाज ऐकूच येईना, नुसतं तिचं तोंड उघडताना आणि मिटताना दिसत होतं.

हॉलिस बसूनच होता. उठावं, तिला धरावं, त्या मशीनवाल्याला थांब म्हणावं, सगळं सुचत होतं.

पडद्यावरचा हात टपावर पालथा टेकला. बोटं एकदा हलली. मग तो सरकत सरकत दारावरून खाली लोंबला. कॅमेरा तरीही चालू होता, धूर वर चढत होता. बऱ्याच वेळाने कुणीतरी निवांतपणे म्हणालं, "कट."

दिवे लागले. सगळे उभे, टाळ्या वाजवताहेत, डोळे पुसताहेत. "प्रूइटसाहेब, या ना वर!" रस्टी हात पुढे करून म्हणाला.

नॅडीन खुर्च्यांच्या पाठी चाचपत बाहेर निघाली होती. हॉलिस धडपडत तिच्यामागे गेला.

बाहेर उन्हात ती टॅक्सीसाठी हात वर करून उभी होती.

"मला दिसत नव्हतं, नॅडीन. वळणापलीकडे होतो मी. दिसलं असतं तर..."

"माहीत आहे मला."

"त्या लोकांना काय कळणार? त्यांना वाटलं..."

"त्यांना नव्हतंच कळणार." ती त्याच्याकडे बघत नव्हती. बघितलं असतं तरी त्याच्या चेहऱ्याच्या जागी तिला धुकंच दिसलं असतं. "कळणारा तूच एकटा होतास. तो तुझ्यासाठी थोपटत होता रे, त्या लोकांसाठी नाही. आणि तू विचारलं सुद्धा नाहीस, किती वेळा. एवढंच विचारायचं होतंस. किती वेळा थोपटतोय."

हॉलिसने तिच्याऐवजी टॅक्सीसाठी हात वर केला.

"मला अडवलं, म्हणालास."

"मला तसंच आठवत होतं गं. देवाशपथ सांगतो, तसंच आठवत होतं."

"असेल."

टॅक्सी थांबली. हॉलिसने दार उघडून तिचा दंड धरला. तिने तो सोडवून घेतला, रागाने नव्हे, सावकाश. मग एकटीच चाचपत आत बसली.

"मी येतो बरोबर," तो म्हणाला. "तुला दिसत नाही नीट, कुठे एकटी जाशील?"

"नको येऊस." तिने मांडीवर पर्स घट्ट धरली होती. "मी आता रोज रात्री ते ऐकत पडणार. डोळे गेले तरी ते जायचं नाही. त्यावर काही असेल तुझ्याकडे सांगण्यासारखं, तर सांग."

हॉलिस दाराला धरून उभा राहिला. त्याने खूप शोधलं. टॅक्सीवाल्याने दोनदा मागे वळून पाहिलं, आणि शेवटी नॅडीननेच हात लांबवून दार ओढून घेतलं.