हलका हात

वलगावचा पेशंट आला की मी आधी वय विचारते. चाळिशीपुढचा निघाला की त्याचं रक्त मी स्वतः तपासते.

अमरावतीत माझी लॅब आहे. माझे वडील खुशालराव वलगावला कंपाउंडर होते. गावात डॉक्टर नव्हता, म्हणून तेच डॉक्टर. इंजेक्शनची सुई सकाळी एकदा उकळायचे. मग दिवसभर रांगेतल्या सगळ्यांना तीच, मधे नुसता स्पिरिटचा बोळा. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. त्यांची सुईची स्टीलची डबी आई अजून दसऱ्याला हळदकुंकू वाहून पुजते. मला मात्र त्या डबीत उकळणारी सुई ऐकू येते. भर दुपारी, मशीन चालू असतानाही, खडखड, खडखड.

परवा वलगावच्या पार्बताबाई आल्या. सोबत मुलगा योगेश आणि चार महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली सून आरती. पार्बताबाईंना हिपॅटायटिस बी निघाला होता. आरतीला लहानपणी कावीळ झालेली, एवढ्यावरून आजार तिनंच आणला असं धरून घरात तिचं ताट वेगळं झालं होतं. रिपोर्ट मिळाला की तिला अंजनगावला माहेरी पोचवायचं ठरलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

पार्बताबाईंचा रिपोर्ट मी दोनदा पाहिला. आजार नवा असताना रक्तात जी प्रतिपिंडं दिसतात, ती नव्हती. जुनी, मुरलेली मात्र भरपूर होती.

"हे जुनं हाये," मी म्हणाले. "आरती घरात यायच्या कितीक आधीचं."

"आमच्या घरात कोनालेच नव्हतं," योगेश म्हणाला. "मंग आलं कोठून?"

आरती खाली मान घालून बसली होती. मी गप्प बसले असते तर बापाचं नाव राहिलं असतं आणि ही पोर गेली असती. मला भीती वाटत होती, लाजही वाटत होती.

"बहुतेक माह्या बाबाच्या सुईतून," मी म्हणाले. "वलगावचे असे नऊ जन सापडले मले. सगळे त्यायच्याकडं सुई घेत होते."

योगेश उठून उभा राहिला. पार्बताबाईंनी त्याला हाताला धरून बसवलं.

"लय हलका हात होता त्यायचा," त्या म्हणाल्या. "टोचलेलं समजे नाही." मग माझ्याकडे वळल्या. "अन् तुले, बाई? लहानपनी तुले कोन देत होतं सुई?"

वीस वर्षं मी लोकांचं रक्त तपासते आहे. स्वतःचं एकदाही तपासलं नाही.

आरतीनंच टेबलावरचा, रक्त काढताना बांधायचा पट्टा उचलून माझ्या दंडाला बांधला.