करवंदाच्या नळीतला मी

मंगळवारी रिपोर्ट आला, की मी यीस्ट आहे.

गंमत माझीच होती. आमच्या लॅबमधला वडघुले डोंगरात काट्याकुट्यांत शिरून करवंदांवरचं जंगली यीस्ट घेऊन आला होता. ते द्राक्षाच्या रसात टाकलं की वाइनला नवा वास येणार, असं खैरनार मॅडमचं स्वप्न. मी त्याची नळी बेसिनमध्ये रिकामी केली, गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली आणि माझी थुंकी भरून ठेवली. म्हटलं, जनुकं वाचणारं मशीन 'माणूस' म्हणेल. वडघुल्याचं तोंड बघण्यासारखं होईल.

मशीनला विनोद कळत नाही. त्यानं लिहिलं: नवी जात. जंगली. सुरुवातीला जोरात फसफसते, झकास वास सोडते. दारू चार टक्क्यांवर गेली की मरते.

"अभिनंदन, दिगूभाऊ," मॅडम म्हणाल्या.

"अहो मॅडम, थुंकी होती ती. चेष्टा केली."

"कोणाची थुंकी?"

"माझी."

"मग बरोबर आहे की."

वडघुले पुढे आला. "रोज संध्याकाळी निघताना काय म्हणता तुम्ही?"

"काय म्हणतो? अंग आंबलं म्हणतो."

"बघा मॅडम. स्वतःच्या तोंडानं."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मुद्दा बिनतोड होता.

मग माझी खुर्ची उचलली, कारण यीस्ट बसत नाही. मला द्राक्षरसाच्या टाकीत सोडायचं ठरलं. चहाऐवजी साखरेचं पाणी आलं. प्यायलो तर ढेकर थांबेनात, आणि ढेकरांना करवंदाचा वास. बायकोला फोन लावला.

"सुमे, मी यीस्ट आहे म्हणतात."

"बरं. मग तुमची भाकरी टाकत नाही."

दुपारी डाव्या खांद्याला कोंब फुटला. आधी वाटाण्याएवढा, मग लिंबाएवढा, मग त्याला माझ्या मिशा आल्या. मला आनंद झाला. बळी द्यायला घरचंच कोणीतरी मिळालं.

"मॅडम, टाकीत ह्याला टाका. ताजा माल आहे."

कोंब टुणकन खाली उतरला. माझ्याच शर्टाला त्यानं हात पुसले. "थुंकी कोणाची होती, विचारा म्हाताऱ्याला."

"माझी," मी म्हणालो. सवयीनं निघून गेलं तोंडातून.

टाकीपाशी वडघुले म्हणाला, "कपडे काढा. त्यांच्यावर परके जंतू असतात."

"लाज वाटते रे."

"नाव दिगंबर आणि लाज कसली?"

सगळे खो खो हसले. विनोद चांगला होता. माझा नव्हता, एवढंच लागलं मनाला.

रस गार होता. मी काठ धरला, तर टाकीचं तोंड आधी खांद्यांएवढं झालं, मग डोक्याएवढं.

"मॅडम, चार टक्क्यांना मी मरतो."

"वास मागे राहतो ना, भाऊ. पुढचं काम नेहमीचं यीस्ट करतं. ते मुकाट्यानं करतं." त्यांनी झाकण लावलं.

आत एक गोष्ट लगेच कळली. हसलो की बुडबुडे येतात, आणि बुडबुड्यांबरोबर दारू चढते. झाकण लागलं तेव्हा वडघुल्याचा दिगंबर आठवून मी पोटभर हसून घेतलं होतं. टाकीतला दारू मोजणारा काटा साडेतीन टक्क्यांच्या वर गेला. तेव्हापासून मी गंभीर आहे. मेलेली माणसं आठवतो. दाढदुखी आठवतो.

टाकीला एक गोल काच आहे. काचेतून लॅब दिसते. माझी खुर्ची परत आणलीय आणि तीत कोंब बसलाय, माझा चहा भुरकत. शेजारी वडघुले जेवून सुस्तावलाय. मान मागे, तोंड सताड उघडं.

कोंबानं खिशातून कापसाची काडी काढली. माझ्याकडे बघून डोळा मारला. चवड्यांवर उठला आणि काडी हळूच वडघुल्याच्या तोंडात सरकवली.

मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. बोटांच्या फटीतून एक बुडबुडा सुटला.