मावशीबाईंचं लांबलेलं दुखणं

थोरलीची कादंबरी म्हणजे त्या घरातलं भिजत घोंगडं. दहा-बारा वर्षं ती लिहीत होती. तेवढ्या काळात धाकट्या भावाचं लग्न झालं, त्याला मुलगी झाली, ती मुलगी शाळेत जाऊन घडाघडा वाचायला शिकली, तरी आत्याचं पुस्तक काही तिला वाचायला मिळेना. धाकटा बहिणीला 'लेखिकाबाई' म्हणायचा. त्याच्या मनात वाईट नव्हतं, पण वर्षानुवर्षं तीच चेष्टा ऐकली की ती टोचायला लागतेच.

थोरली दिवसभर एका लॉन्ड्रीत काउंटरवर असायची. कपडे घ्यायचे, डाग बघायचे, खिसे तपासायचे, नंबराची चिठ्ठी टाचायची आणि शाईचा डाग जाईलच याची हमी नाही असं गिऱ्हाईकाला तोंडावर सांगायचं. दुपारी वर्दळ कमी झाली की मागच्या खोलीत, टांगलेल्या कोटांच्या रांगेआड, स्टुलावर बसून ती लिहायची. वाफेनं कागद दमट होऊन वाकडे व्हायचे. इस्त्रीवाला म्हणायचा, "ताई, पानांवर एक हात फिरवू का?" आणि कधी कधी खरंच फिरवून द्यायचा.

संध्याकाळी घरी आल्यावर ती दिवसाचं लिखाण आईला वाचून दाखवायची. आई शिवणकाम करायची. लेक वाचतेय म्हणून ती काही हात जोडून ऐकत बसायची नाही. तिचं मशीन चालूच असायचं. पण वाचता वाचता मधेच कुठंतरी मशीन थांबायचं. आईचा पाय पायडलवर तसाच राहायचा आणि कापड सुईखाली अडकून पडायचं. मशीन थांबलं की थोरली पेन्सिलीनं समासात एक टिंब द्यायची. टिंबाची पानं ठेवायची, बिनटिंबाची पुन्हा लिहायची. 'छान झालंय गं' असं आई इतक्या वर्षांत एकदाही म्हणाली नाही, आणि थोरलीलाही त्याची गरज पडली नाही.

नाउमेद व्हायचे दिवस यायचेच. एका प्रकाशकानं अर्धी कादंबरी वाचून, 'हात चांगला आहे, पण शेवटासकट आणा, मग बोलू' असं म्हणून परत पाठवली, तेव्हा तिनं आठवडाभर पेनाला हात लावला नाही. धाकट्यानं तिला एक कॅलेंडर आणून दिलं. दर महिन्याला उगवता सूर्य आणि खाली एक वाक्य, हसत राहा, जिंकणारच तू, असलं काहीतरी. आईनं ते चष्मा लावून वाचलं.

"उत्साह-बित्साह ठेव बाजूला," ती म्हणाली. "मला काय रोज उत्साह येतो? गिऱ्हाईकाचं कापड कापून झालंय, आता ते अर्धं टाकून चालत नाही. आज जमत नसेल तर झोप. उद्या बाही लाव."

तेव्हापासून 'बाही लाव' हे त्या दोघींचं झालं. थोरली तोंड पाडून बसली की आई एवढंच म्हणायची.

मग आईच्या पोटातलं दुखणं निघालं. डॉक्टरांनी धाकट्याला बाहेर बोलावून सांगितलं की आता औषधं फक्त दुखू नये म्हणून, दोन-तीन महिने धरून चाला. बाहेर बोलावून सांगितलेलं आत ऐकू येतंच. आईनं भिंतीकडे बघत ऐकून घेतलं. सगळे सुतकी चेहरे करून खाटेभोवती उभे राहिले, तेव्हा ती थोरलीला म्हणाली, "तुझा शेवट ऐकल्याशिवाय मी कुठं जात नाही. सांग त्या डॉक्टरांना."

धाकटा हसला, भावजय डोळे पुसत हसली. थोरली हसली नाही.

आता कादंबरी कुठवर आली होती तेही सांगायला हवं. दोन बहिणींच्या शिवणाच्या दुकानाची ती गोष्ट. त्यातल्या मोठ्या बहिणीला सगळी गल्ली मावशीबाई म्हणते. शेवटून दुसऱ्या प्रकरणात मावशीबाई आजारी पडून मरतात, शेवटच्या प्रकरणात धाकटी बहीण एकटी दुकान उघडते, संपलं. हे थोरलीनं पहिल्याच वर्षी ठरवलं होतं आणि आईलाही ते ठाऊक होतं. डॉक्टर बोलले त्या दिवशी मावशीबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. एक जोराची कळ, की खेळ खलास.

ती कळ थोरलीनं येऊच दिली नाही. मावशीबाईंचा ताप उतरला. मग त्यांना भूक लागली. मग त्या हिंडूफिरू लागल्या, दुकानाच्या मालकाशी त्यांनी भांडण उकरून काढलं, कोर्टात गेल्या, लांबच्या पुतण्याकडे राहायला गेल्या आणि तिथून रुसून परत आल्या. तीन महिने गेले, सहा गेले, वर्ष होत आलं. आई होती. मावशीबाईही होत्या.

हे कुणाला सांगायची सोय नव्हती. चांगली शिकलीसवरलेली बाई, असलं काही मानते म्हटल्यावर लोकांनी वेड्यात काढलं असतं. ती स्वतःशीसुद्धा उघड कबूल करत नव्हती. फक्त पेन हातात घेतलं की मावशीबाईंच्या छातीत कळ यायच्या जागी त्यांना चहाची तल्लफ यायची.

बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काय या बाईची जिद्द. घरात एवढं आजारपण, तरी रोज पान लिहिल्याशिवाय राहत नाही. भावजय शेजारणींना कौतुकानं सांगायची. आणि खोटं नव्हतं ते. इतक्या नेमानं थोरलीनं जन्मात लिहिलं नव्हतं. आईला कूस बदलताना ओठ चावावे लागत, तेव्हा मात्र थोरलीच्या काळजात चर्र व्हायचं. वाटायचं, मीच हिला अडकवून ठेवलंय, मीच हिचे हाल करतेय. तरी दुसऱ्या दिवशी पेन पुन्हा पुतण्याच्या घराकडेच वळायचं. तिला आई हवी होती. बाकी पुस्तक, प्रकाशक सगळं गेलं चुलीत.

मशीन केव्हाच चादरीखाली गेलं होतं. आता थोरली वाचायची तेव्हा आईची बोटं पांघरुणाची कड चिमटीत धरून पुढे पुढे सरकवत राहायची, सुईखाली कापड सरकवतात तशी. पूर्वी मशीन थांबायचं तशी ती बोटं थांबायला हवी होती. वर्षभरात ती एकदाही थांबली नाहीत. थोरलीला ते दिसत होतं. दुखण्यामुळे असेल, अशी ती मनाची समजूत घालायची.

एका संध्याकाळी ती कोर्टाची पुढची तारीख वाचत होती.

"थांब जरा," आई म्हणाली. "ही बाई मरत का नाही?"

"कोण?"

"कोण म्हणे. तुझी मावशीबाई."

"बरी झाली ती."

"त्या अंथरुणातून कुणी उठत नसतं. मी पडलेय त्यात, मला विचार."

थोरलीनं पानं सारखी केली, पुन्हा पुन्हा सारखी केली.

"मी बोलले ते तू धरून बसलीस ना?" आईनं विचारलं.

"तूच म्हणालीस, शेवट ऐकल्याशिवाय जात नाही."

"चेष्टेनं म्हणाले गं. सगळे तोंडं पाडून उभे होते म्हणून म्हणाले."

"म्हणजे ऐकलास तरी जाणार नाहीस?"

"जाणार तर आहेच." आई म्हणाली. "ऐकून जायचं की न ऐकता, एवढंच तुझ्या हातात आहे."

"मला नाही जमणार, आई. मला ते लिहायचंच नाही." आणि थोरली इतक्या मोठ्या वयाची बाई लहान पोरीसारखी रडली. आईनं तिला गप्प केलं नाही, मनसोक्त रडू दिलं.

"झालं?" मग ती म्हणाली. "उद्या बाही लाव."

दुसऱ्या दिवशी दुपारी कोटांच्या रांगेआड मावशीबाई गेल्या. वर्षभर रखडलेलं काम दोन पानांत झालं. थोरलीला हुंदका आवरेना. बाहेर गिऱ्हाईक काउंटरवर टकटक करत होतं. लॉन्ड्रीचे मालक तरातरा आत आले.

"काउंटर काय मी सांभाळू?"

"मालक, त्यांच्याकडे कुणीतरी गेलंय वाटतं," इस्त्रीवाला हळूच म्हणाला.

मालकांचा आवाज एकदम उतरला. "कोण गेलं?"

"मावशीबाई," थोरली म्हणाली. ते खोटं आहे हे तिच्या त्या क्षणी ध्यानातही आलं नाही. मालकांनी तिला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली आणि स्वतः काउंटरवर बसले.

शेवटचं प्रकरण आठवड्यात झालं. मग तिनं मावशीबाईंच्या मरणापासून सगळं एका बैठकीत आईला वाचून दाखवलं. पहिल्याच पानावर आईची बोटं थांबली. थोरलीनं टिंब दिलं. बोटं पुढच्या पानावरही थांबलेलीच, त्याच्या पुढेही. मग तिनं टिंबं द्यायचं सोडून दिलं. वाचून झालं तेव्हा आईचे डोळे मिटलेले होते. थोरली तिचं मनगट धरून बसली. नाडी लागत होती. ती रात्रभर खुर्चीतून उठली नाही.

सकाळी आईनं डोळे उघडले.

"अजून इथंच आहे मी," ती म्हणाली. "चहा टाक."

थोरलीला हसू फुटलं. हसत हसत तिनं चहा टाकला, आणि पाणी उकळायला लागलं तसं तिचं हसू विरून गेलं. तिच्या पानांनी आईला एक दिवसही धरून ठेवलं नव्हतं. कोर्ट, पुतण्या, रुसवा, काही काही उपयोगाचं नव्हतं. आई आपली आपण राहिली होती, आपली आपण जाणार होती. वर्षभराची भीती खोटी निघाली आणि जिच्या जोरावर वर्षभर लिहिलं ती ताकदही खोटीच निघाली. आता कशासाठी लिहायचं, हे तिला समजेना.

चहाचे दोन घोट घेऊन आई म्हणाली, "शेवट बसला. आता ते मधलं सगळं उसव."

"सगळं वाईट होतं?"

"वाईटच."

"मग तेव्हा का नाही बोललीस? वर्षभर मुकाट ऐकत बसलीस."

"बोलले असते तर तू वाचायची थांबली असतीस." आईनं कप तिच्या हातात दिला. "तू शेजारी बसून वाचायचीस. काय वाचतेस त्याच्याशी मला काही घेणं नव्हतं."

पंधरा दिवसांनी आई गेली. दुपारची वेळ होती, थोरली काउंटरवर कुणाच्यातरी पडद्यांची पावती करत होती, तेव्हा धाकट्याचा फोन आला. ती आत जाऊन मालकांपुढे उभी राहिली आणि घरी जाते म्हणाली.

मालकांनी चष्म्यावरून पाहिलं. "आता कोण?"

"आई," ती म्हणाली.

पुढं बरेच दिवस कादंबरी कपाटात पडून होती. प्रकाशकाचा निरोप आला, पूर्ण झाली असेल तर पाठवा. धाकटा येऊन म्हणाला, "ताई, दे ना आता पाठवून." लेखिकाबाई म्हणणं त्यानं सोडलं होतं, आणि तिला त्याचंच वाईट वाटलं. तसं म्हण म्हणून सांगताही येईना.

एका सुट्टीच्या दिवशी तिनं गठ्ठा काढला आणि चादरीखालच्या मशीनशेजारी टेबलाशी बसली. उसवायचं तर वाचायला हवं, म्हणून मोठ्यानं वाचायला लागली. पानं खरंच वाईट होती. पण हे पान वाचलं त्या संध्याकाळी आईनं दोन घास जास्त खाल्ले होते. हे वाचलं त्या दिवशी उलटी थांबत नव्हती. हे वाचताना ती झोपून गेली होती आणि थोरली तरीही शेवटपर्यंत वाचत राहिली होती. एकेक पान उचलायचं आणि बाजूला टाकायचं, यात इतकं दुखेल असं तिला वाटलं नव्हतं. तरी ती टाकत गेली. कोर्ट गेलं. पुतण्या गेला. रुसवा गेला.

चहाच्या तल्लफेचं पान आलं. मावशीबाई अंथरुणात उठून बसतात, चहा मागतात, आणि धाकटी तो करायला उठते तर तिचा पदर धरून म्हणतात, "राहू दे चहा. बस जरा इथंच."

थोरली थांबली. आपली बोटं टेबलाच्या कडेवरून सरकत होती, हे तिला बोटं थांबल्यावरच कळलं. केव्हापासून सरकत होती कोण जाणे.

सवयीनं तिनं मान वर करून मशीनकडे पाहिलं. तिथं चादर होती. मग तिनं पेन्सिल उचलली, समासात टिंब दिलं, ते पान वेगळं ठेवलं आणि पुढचं वाचायला घेतलं.