कापसाची खोली

मित्रांनो, मी एक जुना नमुना आहे. हसू नका. आगाऊ पोराला लोक 'नमुना' म्हणतात हे मला ठाऊक आहे, पण मी खराखुरा नमुना आहे, पुठ्ठ्याच्या घराचा. माझ्यात राहायला कोणी येऊ शकत नाही. तरीही मी एका कुटुंबाला अंगणातून घरात आणलं. ते कसं, तेवढं सांगतो.

माझा जन्म यवतमाळला झाला. वास्तुकला शिकणाऱ्या शाल्मलीने आपली सगळी सुट्टी माझ्यावर खर्च केली. पुठ्ठ्याच्या भिंती, बुचाचं उचलता येणारं छप्पर, हिरव्या स्पंजाची तुळस आणि टाचण्यांवर उभी केलेली कागदाची चार माणसं. तिची आई कुंदाताई म्हणायची की एवढा जीव स्वयंपाकात लावला असता तर पोळ्या तरी गोल झाल्या असत्या. माझ्या तळाशी शाल्मलीने लिहिलं, 'शेतकऱ्याचं घर'. त्या दिवसापासून माझ्या मनात एकच इच्छा होती. आपल्यासारखं खरं घर कुठेतरी उभं राहावं.

विद्यापीठाचा लोकमहोत्सव त्या हिवाळ्यात पांढरकवड्याला भरला होता. साल दोन हजार सहा. विद्यार्थ्यांच्या नमुन्यांचं प्रदर्शन बाजार समितीच्या कापसाच्या शेडमध्ये मांडलं होतं. शेड रिकामी होती, कारण भाव पडले होते आणि कापूस विकायला कोणी आणतच नव्हतं. मग तो कापूस होता कुठे, हा प्रश्न तिथल्या एकाही शहाण्याला पडला नाही. मलाही नाही.

सकाळी परीक्षक येऊन गेले. खिडक्यांची दिशा, वाऱ्याची वाट, सगळ्याचं कौतुक झालं. एकाने तर शाल्मलीच्या कानावर घातलं की पहिला नंबर तुझाच धर. फक्त चार वाजता शेवटची पाहणी होईपर्यंत नमुन्याला हात लावायचा नाही, असा नियम होता. पहिल्या नंबरासाठी ती तीन वर्षं झुरत होती. मी ताठ बसलो. गर्वाचं घर खाली म्हणतात, आणि मी तर घरच.

दुपारी झरी जामणीकडचं एक जोडपं आलं. पुंडलिकराव आणि तानाबाई. त्यांना पुढेमागे घर बांधायचं होतं, म्हणून ते मन लावून पाहत होते. तानाबाईंनी माझं छप्पर उचललं आणि आत डोकावून पाहिलं. मग विचारलं, "बाई, कापूस कुठी ठेवाचा?"

शाल्मली म्हणाली, तो विकायचा ना मावशी.

तानाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून वाती वळायला आणलेला कापूस काढला आणि माझ्या दोन्ही खोल्यांत दाबून भरला. मग ती चार कागदी माणसं एकेक करून उपटली आणि माझ्या अंगणात नेऊन टोचली.

"भाव येतवरी आमी असे राह्यतो," त्या म्हणाल्या. "कापूस घरात अन् लेकरं थंडीत. कापसापाशी निजलं तं आंग खाजवू खाजवू लाल होते. अन् चुलीचं भेव ते अलगच."

शाल्मलीचा चेहरा उतरला. तिने वही काढून एक खोली आखून दाखवली, पण तानाबाई म्हणाल्या की कागदावरचं मले उमजत नाई. त्यांची गाडी तीनची होती आणि घड्याळात अडीच झाले होते. पाहणी चार वाजता. शाल्मलीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ही माझी समजूत काढते आहे. तिने कटर उचलला.

मित्रांनो, खरं सांगतो, दुखलं. माझ्या मागच्या गोऱ्यापान भिंतीला तिने भोक पाडलं. शेजारच्या मुलाकडून खोक्याचा तपकिरी पुठ्ठा मागून घेतला आणि तानाबाई सांगतील तशी मागे एक खोली जोडली. चुलीपासून लांब. जमिनीपासून थोडी उंच, म्हणजे ओल लागू नये. बैलबंडी थेट टेकवून कापूस आत लोटता येईल असं रुंद दार. तानाबाईंनी खोल्यांतला कापूस तिकडे लोटून पाहिला आणि डिंक ओला असतानाच ते दोघं गाडीकडे पळाले. जाताना पुंडलिकरावांनी शाल्मलीच्या घरचा पत्ता तेवढा लिहून घेतला.

चारला परीक्षक आले, ठिगळ पाहिलं आणि पुढे सरकले. पहिला नंबर एका काचेच्या वाचनालयाला मिळाला. परतीच्या गाडीत शाल्मली मला मांडीवर घेऊन बसली होती आणि रडत होती. मला तिचा फार राग आला होता. आता त्याची लाज वाटते.

पुढे मी कपाटावर पडलो. शाल्मली नोकरीला पुण्याला गेली. माझा रंग उडाला, तुळस उंदराने नेली. ती चार माणसं मात्र अंगणातच उभी होती. त्यांना आत घ्यायचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही. तिसऱ्या दिवाळीच्या साफसफाईत कुंदाताईंनी मला परसात बंबाशेजारी नेऊन ठेवलं. बंबात काय घालतात हे तुम्हाला सांगायला नको.

मी चार दिवस वाट पाहिली. पाचव्या दिवशी पुंडलिकराव पत्ता शोधत आले आणि ते घर अजून आहे का, असं विचारू लागले. कुंदाताई ओशाळल्या. म्हणाल्या, आहे, पण मागून पार मोडलंय हो.

पुंडलिकरावांनी मला उचलून फिरवून पाहिलं. "मोडलं नाई बाई," ते म्हणाले. "तेथं दार हाय."

माझ्या आयुष्यात मला मिळालेला पहिला नंबर तो हाच.

त्यांच्या गावच्या गवंड्याने, मारोतीने, मला समोर ठेवून घर बांधलं. माझ्या खिडक्या त्याने निम्म्या केल्या, पण ठिगळाची खोली बोटभरही बदलली नाही. मुलांनो, कोणासाठी काही बनवाल तेव्हा आधी त्याला विचारा, आणि तुमचं सुंदर काम कापायची वेळ आली तर हात आखडू नका. जुनं, ठिगळाचं काही दिसलं, तर बंबात घालण्याआधी एकदा फिरवून पाहा.

आता मी त्या घराच्या फळीवर असतो. पहिल्या वेच्याला, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीला, शेतात सीतादहीची पूजा झाली की तानाबाई मूठभर कापूस आणून माझ्या मागच्या खोलीत ठेवतात. नव्या घरातल्या पहिल्या वर्षी त्यांनी आणखी एक काम केलं. माझ्या अंगणात इतकी वर्षं थंडीत उभी असलेली ती चार माणसं हलक्या हाताने उपटली, पदराने पुसली आणि माझ्या आतल्या खोलीत नेऊन टोचली. मग वरून छप्पर ठेवलं.