काजळातला निळा

कल्पना करा, बाळांनो: तुमची जिवाभावाची मैत्रीण आज संध्याकाळी देश सोडून चाललीय, आणि तिला द्यायच्या भेटीवर तुम्ही चुकीचा शब्द लिहून बसलात.

आखातातल्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीतल्या ईश्वरीचं तसंच झालं. खालच्या मजल्यावरच्या थेआचे बाबा नॉर्वेचे, आई माल्टाची. बाबांची इथली नोकरी संपली होती. ईश्वरीने थेआसाठी जाड कागदावर रंगांचं फूल केलं. प्रत्येक पाकळीवर तेलखडूचा थर, वर दोन्ही भाषांत त्या रंगाचं नाव. नॉर्वेची नावं थेआनेच कधीतरी शिकवली होती. त्यातलं हिरव्याचं ‘ग्रन’ ईश्वरीचं लाडकं, कारण त्याचं नातं तिथल्या ‘वाढणे’ या शब्दाशी. माल्टाची नावं तर अरबीच्याच घरातली. लाल म्हणजे ‘अहमर’. शाळेत अरबी शिकणाऱ्या ईश्वरीला कुणाला विचारायची गरजच काय? निळ्यावर तिने ऐटीत अरबी ‘अझरक’ लिहून टाकलं.

भारतातून आलेल्या सूर्यकांत आजोबांनी सहज फोनवर शब्द पाहिला. “ईशू, माल्टात निळ्याला ‘इकहल’ म्हणतात.”

“नो वे! बाकी सगळे सेम आहेत!”

“हा शब्द अरबी ‘कुहल’वरून आलाय. कुहल म्हणजे आपलं काजळ.”

“काजळ ब्लॅक असतं, आजोबा!”

“नॉर्वेचं निळ्याचं ‘ब्लॉ’ही पूर्वी डोमकावळ्याच्या पंखांना म्हणत. गडद ते सगळं—”

“ब्लू इज ब्लू! दॅट्स नॉट फेअर!” तिने खडूच आपटला. खोडरबर घासलं, तर शब्द फिसकटून पाकळीवर घाण डाग पडला.

“यल्ला ईशू, चल लवकर, त्यांची गाडी आली,” आई दारातून ओरडली.

“म्हणजे बघ, काळा आणि निळा...” आजोबा शांतपणे पुन्हा सुरू झाले.

“खलास! आता काही सांगू नका ना!”

डोळे पुसत ती आईच्या आरशापाशी गेली. डबीतलं काजळ बोटावर घेतलं आणि रागारागाने त्या डागावर फासलं. पाकळी काळीभोर झाली; कडेने मात्र निळं डोकावत राहिलं. ईश्वरी थबकली. मग टूथपिकने काजळ हलकेच खरवडत तिने अक्षरं कोरली. ‘ब्लॉ’. ‘इकहल’. दोन्ही शब्द निळेच उमटले.

हात न धुताच ती जिना उतरत धावली. थेआ गाडीत एक पाय ठेवून उभी होती. ईश्वरीने फूल तिच्या हातात कोंबलं आणि काजळाचं तेच बोट तिच्या गालावर टेकवून तीट लावली.