वीतभर दुमड

आमच्या गल्लीतल्या एका काकांना सगळे शब्दकाका म्हणतात. निवृत्त भाषाशिक्षक. त्यांना वेळ विचारली तर आधी घड्याळ या शब्दाचं कूळ सांगतील, तोवर तुमची बस गेलेली असते. म्हणून ते आमच्या शिवणकामाच्या दुकानाच्या दारात दिसले की माझी नणंद शिलाई मशीन जोरात चालवायला लागते आणि मी एकटी तावडीत सापडते.

त्या दिवशी त्यांच्याबरोबर लेक होती आणि हातात निळा रेशमी झगा. काकूंनी तो स्वतःच्या लग्नासाठी स्वतः शिवलेला. काकू आता नाहीत. रविवारी लेकीचं लग्न होतं आणि तिला हाच घालायचा होता. पण ती काकूंपेक्षा वीतभर उंच, वर काडीसारखी बारीक.

"मावशी, अल्टर करून द्याल?" तिने विचारलं.

झालं! काका स्टुलावर ऐसपैस बसले. "हा इंग्रजी शब्द मुळात लॅटिनचा. तिथे त्याचा अर्थच 'दुसरा'. दोघांमधला दुसरा. त्यावरून, दुसरं करून टाकणं म्हणजे बदलणं."

"बरं," म्हणत मी कात्री उचलली.

"थांबा! भांडणाला अल्टरकेशन म्हणतात ना, तोही याच घरातला. एक बोलतो, मग दुसरा बोलतो."

मी कात्री ठेवली. पुन्हा उचलली, तर त्यांना आणखी एक भाऊबंद सापडला. माझं डोकंच फिरलं. "काका, झगा नीट करून हवाय की मला परीक्षेला बसवायचंय?"

झग्याची बाही अजून काकांच्या मुठीत होती. "दुसरा होईल हो तो," ते हळूच म्हणाले. "मग हिच्या आईचा राहणार नाही."

लेकीचा चेहरा उतरला. "राहू द्या बाबा, भाड्याने आणू एखादा." मला माझ्या जिभेचा असा राग आला म्हणून सांगू!

मशीन थांबलं. "वहिनी, ती कात्री ठेव," नणंद म्हणाली. "काका, आपण नुसतं उसवून बघू. नाही पटलं तर होता तसा परत शिवून देते."

काकांनी मूठ सोडली.

खालची दुमड उसवली आणि आम्ही दोघी बघतच राहिलो. दुमड दोन बोटांची ठेवतात. इथे चांगलं वीतभर कापड आत घडी करून बसवलेलं होतं.

"काकूंचा हात सढळ होता वाटतं," नणंद म्हणाली.

"तिचा? माझ्या शर्टाच्या उरलेल्या तुकड्यांचे रुमाल करायची ती!" काका हसले आणि मध्येच थांबले. "लग्नाच्या दिवशी मी विचारलं होतं, खालून एवढा जड का गं? म्हणाली, तुमच्या घरात सगळे ताडमाड. मुलगी तुमच्यावर गेली तर? मी असा लाजलो, की विषयच बदलला. विसरूनच गेलो होतो बघा."

लेक झगा घालून आली. नणंदेने कमरेला टाचण्या लावल्या. लांबी बरोबर घोट्यापर्यंत आली. फक्त जुन्या घडीची रेघ तेवढी उठून दिसत होती.

"इस्त्री फिरवते, जाईल ती," मी म्हटलं.

"नको," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसतही होते. "रेघेपर्यंत हिची आई आहे. तिथून पुढे ही."

मी इस्त्रीचं बटण बंद केलं.