न दिलेला चेंडू

मार्गशीर्षातली सकाळ. दवाने जडावलेली, हरित-रजत-धूसर सकाळ. सिल्व्हर ओकच्या पानांतून ऊन ठिबकत होतं, तृणांकुरांच्या टोकांवर थरथरत होतं. टेकडीवरच्या गोल्फच्या मैदानावर दोनच माणसं चालत होती, एकमेकांपासून बरोबर सभ्यतेच्या अंतरावर.

विजयमाला पुढे, उदयभान पाटणकर मागे. एके काळी ती त्याला भाऊजी म्हणायची. आता साहेब म्हणत होती, आणि त्या एका शब्दात बर्फाची लादी होती.

दोन हिवाळ्यांपूर्वी इथेच, उंच गवतात, तिच्या नवऱ्याचा बूट चेंडूला लागला होता. चुकून. चंद्रसेनने तिथल्या तिथे हात वर करून सांगितलं, दंडही लावून घेतला. पण पाटणकर क्लबच्या व्हरांड्यात चहा पिता पिता म्हणाला, ‘मी बघत होतो म्हणून कबूल केलं. नाहीतर पचवलं असतं.’

चहा गार व्हायच्या आत ते वाक्य गावभर झालं. चंद्रसेन पुन्हा या हिरवळीवर आला नाही. वारला, तोही हा डाग अंगावर घेऊनच.

आजची पैज त्या वाक्याची होती. ती जिंकली, तर पाटणकराने त्याच व्हरांड्यात, सगळ्यांदेखत, ते मागे घ्यायचं. बरोबरी झाली, तरी वाक्य जागच्या जागी राहणार होतं.

राग काठीत उतरला की चेंडू झाडीत जातो, असं चंद्रसेन म्हणायचा. तिने राग काठीत उतरू दिला नाही. तो शिष्टाचारात उतरवला. पाटणकर फटका मारायला उभा राहिला की ती श्वासही हळू घेई. तिची सावली त्याच्या वाटेत पडत नसे. ओठांवर स्मित असे. सुबक, शीतल, विषकन्येचं.

आणि ती देत होती. चेंडू छिद्राच्या अगदी जवळ आला, की समोरच्याने ‘दिला’ म्हणायचं. मग तो आत गेलाच असं धरून उचलायचा, ही या खेळाची जुनी रीत. पाटणकराचा चेंडू हातभर अंतरावर थांबला, की तिचा मंजुळ स्वर यायचा. दिला. पुढच्या हिरवळीवर, दिला. तळ्याकाठी, दिला.

‘वहिनी, आज हात फार सढळ आहे तुमचा.’

‘घरची रीत आहे, साहेब. तुम्ही जेवलाय की आमच्याकडे.’

त्याच्या मानेवर लाली चढली. तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

ऊन चढलं. दव विरलं. सकाळी आधी तिचा शब्द यायचा, मग तो वाकायचा. हळूहळू दोन्ही एकदम होऊ लागलं. मग हात आधी, शब्द मागून. तिने ते पाहिलं, आणि उंदराच्या बिळापाशी मांजर बसावं तशी ती मनातल्या मनात निश्चल झाली.

चंद्रसेनला हे आवडलं नसतं. ‘माले, जिंकायचं तर खेळून जिंक,’ म्हणाला असता. पण चंद्रसेन सज्जन होता, आणि सज्जनपणाने त्याचं काय केलं, हे तिने उशाशी बसून पाहिलं होतं.

शेवटची हिरवळ व्हरांड्याच्या पायथ्याशी. तिथवर दोघंही बरोबरीत. वेताच्या खुर्च्यांवरून उठून मंडळी कठड्याशी आली. विजयमालाचा चेंडू छिद्रात उतरला होता. पाटणकराचा हातभर अलीकडे थांबला होता. शुभ्र, गोल, निरागस. तेवढा आत गेला की बरोबरी, आणि वाक्य कायमचं.

ती बोलली नाही.

वारा नव्हता. पान हललं नाही. निशाणाचं कापड काठीला चिकटून राहिलं. त्या नीरव, निष्ठुर, निळ्या क्षणात पाटणकर सवयीने वाकला, आणि त्याने चेंडू उचलला.

‘मी दिला म्हटलं नव्हतं, साहेब.’

त्याची मूठ हवेतच राहिली. न दिलेला चेंडू, जागेवर खूण न ठेवता उचललेला. एका फटक्याचा दंड. बरोबरी मोडली होती.

‘अहो वहिनी... चुकून हात लागला.’

‘चुकून लागला, असं तेही म्हणाले होते.’

वर कपबशांचा आवाज थांबला. तिने टोपी काढली, रीतीप्रमाणे हात पुढे केला. त्याचा हात घामेजलेला होता, तिचा कोरडा. तिचा द्वेष तसूभरही कमी झाला नव्हता, आणि तो कमी व्हावा असं तिला वाटतही नव्हतं.

‘चहा गार होतोय,’ ती म्हणाली. ‘जा वर.’

तो पायऱ्या चढला. एकेक पायरी, एकेक पायरी. ती खालीच राहिली. निशाण छिद्रात परत रोवायचं असतं, तेही रीतीप्रमाणे. तिने ते रोवलं.

वरून पाटणकराचा आवाज आला. घोगरा, अडखळता, चंद्रसेनच्या नावाशी घुटमळणारा. तिने निशाणाची काठी घट्ट धरली, आणि ते नाव पुरतं उच्चारलं जाईपर्यंत सोडली नाही.